आठवीपर्यंतच्या विज्ञानाची उजळणी: तिन्ही शाखा कोणत्या क्रमाने आणि कशा घ्याव्यात?

अभ्यासू मावशी

माझी भाची आठवी पूर्ण करून नववीत जाणार आहे. पुढच्या वर्गात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्हींचा अभ्यास बराच खोल होत जातो, म्हणून मधल्या सहा आठवड्यांत सहावी ते आठवीच्या विज्ञानाची पक्की उजळणी करून घ्यावी, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. रोज साधारण एक तास हाती असेल. मी स्वतः विज्ञान शाखेची नाही; शाळेत शिकलेले आता अर्धवट आठवते, परंतु तिच्याबरोबर बसून पुन्हा शिकण्याची माझी तयारी आहे.

अडचण अशी की, तिने तिन्ही वर्षांची पाठ्यपुस्तके पुन्हा वाचून काढली आहेत, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या आहेत आणि व्याख्या तोंडपाठ केल्या आहेत. घनता म्हणजे काय, असे विचारले की ‘वस्तुमान भागिले आकारमान’ हे उत्तर तत्काळ येते. मात्र लाकडाचा मोठा ओंडका पाण्यावर तरंगतो आणि एवढासा लोखंडी खिळा बुडतो, हे कसे, असे विचारल्यावर ती म्हणाली, “खिळा जड असतो.” दोन्ही उचलून पाहिले तर जड काय लागेल, असे मी विचारले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि नंतर थोडी रडवेली झाली. तिला वाटते की आपल्याला सगळे येते. मलाही तसेच वाटत होते.

तिच्या वहीत आणखी एक वाक्य आहे: ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात.’ मी त्यावर बरोबरची खूण केली होती, पण आता माझाच त्यावर विश्वास उरलेला नाही.

तरी जाणकारांनी कृपया सांगावे, की तीन शाखांपैकी सुरुवात कोठून करावी, पुन्हा पुन्हा वाचणे ही उजळणी पुरेशी आहे का, आणि माझ्यासारख्या विज्ञान न शिकलेल्या व्यक्तीने मुलीला विषय खरोखर समजला आहे की नाही, हे कसे ओळखावे?

फळा-खडू

मी बरीच वर्षे याच वर्गांना विज्ञान शिकवत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी वहीतले वाक्य दुरुस्त करू. वनस्पती श्वसन रात्रंदिवस करतात; प्रकाशसंश्लेषण मात्र प्रकाश असेल तेव्हाच होते. दिवसा भरपूर प्रकाशात प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनाच्या वेगापेक्षा पुष्कळ जास्त असतो, त्यामुळे पानांतून एकंदर ऑक्सिजन बाहेर पडताना आढळतो आणि श्वसन जणू थांबले आहे, असा समज होतो. या गैरसमजाचे मूळ शब्दात आहे. श्वसन आणि श्वासोच्छ्वास ही मुलांच्या मनात एकच गोष्ट असते. हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे हा श्वासोच्छ्वास. ग्लुकोजमधील ऊर्जा पेशीच्या आत टप्प्याटप्प्याने मोकळी होणे हे श्वसन. वनस्पतीला फुप्फुसे नाहीत, परंतु तिच्या पेशींत तंतुकणिका, म्हणजे ही ऊर्जा मोकळी करणारे सूक्ष्म भाग, आहेत, आणि पेशी जिवंत असेपर्यंत तिला ऊर्जा लागतेच. रात्र झाली म्हणून ती गरज सुरू होत नाही आणि पहाट झाली म्हणून ती संपतही नाही.

एवढे पटले की लगेच पुढचा प्रश्न विचारावा: झाडाच्या खोडातले एवढे लाकूड कोठून आले? बहुतेक मुले ‘मातीतून’ असे सांगतात. हाच प्रश्न सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट याने प्रयोगाने सोडवण्याचा प्रयत्न केला होता. त्याने सुमारे ९१ किलोग्रॅम कोरड्या मातीत साधारण सव्वादोन किलोचे विलोचे रोप लावले आणि त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन सुमारे ७७ किलो भरले, तर माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती जेमतेम ५७ ग्रॅमने कमी झाली होती. हे सारे वस्तुमान पाण्यातून आले, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याचे हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाले. मातीतून नाही, हे त्याचे बरोबर होते, पण हवेचा वाटा त्याच्या हिशेबात आलाच नाही. आज आपण शिकवतो की कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू आणि पाण्याचे ६ रेणू यांच्यापासून ग्लुकोजचा १ रेणू आणि ऑक्सिजनचे ६ रेणू तयार होतात. म्हणजे लाकडातला सगळा कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो. मातीतून मिळणारी खनिजे आवश्यक असतात, परंतु वस्तुमानातला त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. भाचीला आधी अंदाज करू द्या, नंतर हे आकडे सांगा आणि व्हान हेल्मोंटची चूक तिलाच शोधू द्या. मुलीने ती स्वतः शोधली, तर प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण तिला वेगळे पाठ करावे लागणार नाही.

आता क्रमाविषयी. माझ्या मते सुरुवात एखाद्या शाखेपासून करू नये. पदार्थ कणांचे बनलेले असतात, या एका कल्पनेपासून करावी, कारण तीच कल्पना तिन्ही शाखांत पुन्हा पुन्हा उपयोगी पडते. स्थायू, द्रव आणि वायू यांची चित्रे प्रत्येक पुस्तकात असतात, पण ती पाहून झाल्यावर मिटून ठेवावीत आणि मुलीला स्वतः काढायला सांगावीत. हमखास दोन चुका दिसतात. द्रवाचे कण एकमेकांपासून फार दूर काढले जातात, वास्तविक ते स्थायूइतकेच जवळजवळ असतात आणि फक्त जागा बदलू शकतात. आणि दोन कणांच्या मध्ये ‘हवा’ लिहिली जाते, वास्तविक तेथे काहीच नसते. ही दुसरी चूक दिसली तर तेथेच थांबावे, पुढे जाण्याची घाई करू नये.

कणांचे चित्र पक्के झाले की किती गोष्टी आपोआप सुटतात, ते पाहा. मीठ पाण्यात ‘वितळले’ असे मुले सहज म्हणतात. वितळणे म्हणजे एकाच पदार्थाने उष्णता घेऊन स्थायूचा द्रव होणे आणि विरघळणे म्हणजे एका पदार्थाचे कण दुसऱ्याच्या कणांमध्ये पसरणे, हा फरक चित्र काढताच स्पष्ट होतो. २०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवले तर द्रावण २१० ग्रॅमच भरेल, कारण कण कोठेही गेलेले नाहीत. विरघळलेले कण जास्त संहतीकडून (जेथे ते दाट असतात तेथून) कमी संहतीकडे (जेथे ते विरळ असतात तेथे) पसरतात, हे विसरण. पाण्याचे कण निवडक पारपटलातून, म्हणजे काही कणांनाच वाट देणाऱ्या पातळ पडद्यातून, आरपार जातात, हे परासरण. आणि मूलरोमांच्या पेशीत पाणी शिरते ते याच परासरणामुळे. भौतिकशास्त्रात सुरू झालेली गोष्ट जीवशास्त्रात येऊन पोहोचली आणि मध्ये कोठेही नवे काही पाठ करावे लागले नाही.

तुमचा ओंडका आणि खिळाही येथेच येतात. ‘जड’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, एकूण वस्तुमानासाठी आणि सारख्या आकाराच्या मानाने जास्त वस्तुमान असलेल्या पदार्थासाठी. भाचीच्या मनात दुसरा अर्थ होता आणि तो चुकीचा नव्हता. तिला तो शब्दांत मांडता आला नाही, इतकेच. तिला सांगावे, की १ घन सेंटीमीटर लोखंड, तेवढेच लाकूड आणि तेवढेच पाणी मनात शेजारी शेजारी ठेव. लोखंड सुमारे ७.९ ग्रॅम भरेल, पाणी १ ग्रॅम आणि बहुतेक प्रकारचे लाकूड त्याहून कमी. मग प्रश्न ओंडका किती मोठा, याचा राहतच नाही. रडवेली झाली असेल तर तिला हेही जरूर सांगावे, की तिच्या उत्तरात घनतेची कल्पना आधीच होती.

पेशीच्या प्रकरणाला मी फार वेळ देणार नाही, कारण तेथे समजुतीचा घोटाळा कमी असतो. एक मात्र करावे. ‘वनस्पती पेशी’ आणि ‘प्राणी पेशी’ अशा दोन ठरावीक आकृत्या पाठ झाल्या की मुलांना वाटते, प्रत्येक पेशी तशीच असते. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींत हरितलवके (प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे भाग) का नसतात आणि आपल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसल्याने काय साधते, हे दोन प्रश्न विचारले की रचना आणि कार्य यांचा संबंध चर्चेत येतो. कांदा जमिनीत वाढतो, तेथे प्रकाश नाही. आणि केंद्रक नसल्याने रक्तपेशीत ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला अधिक जागा मिळते.

मापनपट्टी

फळा-खडू यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु सुरुवात कणांपासून करावी, याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. नववीत जी मुले भौतिकशास्त्रात अडखळतात, त्यांपैकी पुष्कळांची अडचण कल्पनेत नसते. एकके, दशांश आणि गुणोत्तरे यांत असते. म्हणून पहिले तीन-चार दिवस केवळ मापनाला द्यावेत, असे मी सुचवीन. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? उत्तर २० आहे, पण ‘५ ने गुणा आणि १८ ने भागा’ ही युक्ती तिने वापरली, तर ती बाजूला ठेवायला सांगावी आणि ७२,००० मीटर ३,६०० सेकंदांत, असे लिहायला लावावे. अॅल्युमिनियमच्या ५४ ग्रॅमच्या तुकड्याचे आकारमान २० घन सेंटीमीटर असेल, तर घनता २.७ येते, मात्र एकक न लिहिता नुसते २.७ लिहिले तर ते उत्तर अपूर्ण मानावे. एककाकडे पाहूनच सूत्र आठवते, ही सवय एकदा लागली की सूत्रांचे पाठांतर निम्म्याने कमी होते.

वस्तुमान आणि वजन यांची गल्लतही याच दिवसांत सोडवावी. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे पृथ्वीवरील वजन सुमारे ५८८ न्यूटन असते. चंद्रावर तेच साधारण ९६ न्यूटन भरेल, वस्तुमान मात्र ६० किलोग्रॅमच राहील. व्यवहारात आपण ‘वजन ६० किलो’ असेच म्हणतो आणि म्हणत राहू. उत्तरपत्रिकेत मात्र दोन्हींत फरक करावा लागतो, हे तिला मोकळेपणाने सांगावे.

यानंतर दोन जागा अशा आहेत, की जेथे हुशार मुलेही फसतात. पहिली विद्युतधारेची. एकसर जोडणीत घट, कळ आणि दिवा असा परिपथ काढा आणि विचारा, की दिव्याच्या आधीची धारा जास्त की नंतरची? ‘दिव्याने थोडी वापरली, म्हणून नंतरची कमी’ हे उत्तर इतके नैसर्गिक वाटते, की ते कोणी शिकवलेले नसतानाही मुले देतात. प्रत्यक्षात दोन्हीकडे धारा सारखीच असते. दिव्यात विद्युत ऊर्जेचे रूपांतर प्रकाशात आणि उष्णतेत होते. वाहणारा प्रभार मात्र कमी होत नाही. अँमीटर उपलब्ध असेल तर तो दोन्ही जागी जोडून दाखवावा.

दुसरी जागा बलाची. चेंडू सरळ वर फेकला; तो वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करतात, त्यांचे बाण काढ, असे सांगावे. बहुतेक मुले वरच्या दिशेने हाताच्या बलाचा एक बाण काढतात. हात सुटल्यानंतर ते बल संपलेले असते. हवेचा रोध सोडून दिला तर केवळ गुरुत्वीय बल खालच्या दिशेने उरते आणि तेच चेंडूचा वेग कमी करत नेते. गती असेल तर त्या दिशेने बल असलेच पाहिजे, ही समजूत अॅरिस्टॉटलच्या काळापासून चालत आली आणि न्यूटनने १६८७ मध्ये गतीचे नियम मांडेपर्यंत ती पूर्णपणे मोडली गेली नाही. ज्या कल्पनेला मोठमोठ्या विद्वानांनी इतकी शतके धरून ठेवले, ती सोडायला एका मुलीला दोन आठवडे लागले तर त्यात नवल मानू नये.

उजळणीवही

माझा अनुभव शिकवण्याचा कमी आणि मुलांना अभ्यासाची पद्धत सांगण्याचा अधिक आहे, म्हणून मी तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नापुरतेच लिहिते.

पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचे झाले म्हणजे समजले, असे मनाला वाटते. तुमच्या भाचीचे नेमके तेच झाले आहे. यात तिचा काही दोष नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांच्या काही गटांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणूनच पुन्हा वाचण्याचा मार्ग त्या दिवसापुरता खरा वाटतो.

म्हणून तासाची सुरुवात पुस्तक उघडून करू नये. कोरा कागद घ्यावा, कालच्या विषयाचे जे आठवेल ते शब्दांत आणि आकृतीत उतरवावे, नंतर पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या रंगाने भरावे. त्या रंगाचा मजकूर हाच दुसऱ्या दिवसाचा अभ्यास. यानंतर तोच विषय तीन दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग तीन आठवड्यांनी पुन्हा कोऱ्या कागदावर यावा. मधल्या दिवसांत थोडे विसरले जाणे अपेक्षितच आहे; विसरू लागलेली गोष्ट कष्टाने आठवली, तरच ती टिकते. एका आठवड्यात केवळ जीवशास्त्र आणि पुढच्यात केवळ रसायनशास्त्र, असे ठोकळे पाडू नयेत, कारण मग पहिला ठोकळा सहाव्या आठवड्यापर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही. रोजच्या तासात दोन शाखा याव्यात.

आता तुमच्याविषयी. तुम्ही विज्ञान शिकलेल्या नाहीत, हे या कामात तुमचे बळ आहे, असे मी मनापासून सांगते. तुम्ही फक्त तीन प्रकारचे प्रश्न विचारावेत: ‘हे तुला कशावरून कळले?’, ‘असे झाले नसते तर काय दिसले असते?’ आणि ‘हाच शब्द न वापरता पुन्हा सांगशील का?’ शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण असतो. ‘परासरण’ हा शब्द न उच्चारता तिने परासरण समजावून दिले आणि तुम्हाला ते समजले, तर तिला ते येते. तुम्हाला समजले नाही, तर खोटी मान डोलावू नये. मुलांना ते लगेच कळते.

अभ्यासू मावशी

तुम्हा तिघांचेही मनःपूर्वक आभार. दोन आठवडे झाले आहेत, म्हणून काय घडले ते लिहिते. बरोबरची ती खूण मी तिच्यासमोरच खोडली आणि आपली चूक झाली होती, असे तिला सांगितले. त्यानंतर ती स्वतःच्या चुकांवर कमी चिडू लागली आहे.

पहिले चार दिवस मापन घेतले, नंतर कण. कणांच्या चित्रात तिने खरोखरच मध्ये ‘हवा’ लिहिली होती. मी विचारले, “हवासुद्धा कणांचीच असते ना? मग त्या कणांच्या मध्ये काय असेल?” बऱ्याच वेळाने तिने आपल्या हाताने तो शब्द खोडला. झाडाच्या वस्तुमानाच्या गोष्टीने तर ती दोन दिवस भारावून गेली होती. घरातल्या लाकडी टेबलाकडे बोट दाखवून “हे हवेतून आले आहे” असे सगळ्यांना सांगत होती. कोऱ्या कागदाची पद्धत तिला पहिल्या आठवड्यात मुळीच आवडली नाही, कारण कागद बराचसा कोराच राहत असे. आता निम्म्याहून अधिक भरतो.

रसायनशास्त्रात मात्र आम्ही एके ठिकाणी अडलो आहोत. ती म्हणते, कागद जळल्यावर थोडीशीच राख उरते, म्हणजे जळताना वस्तुमान नष्ट होते. मग वस्तुमान अक्षय्य असते, असे पुस्तक कसे म्हणते? मेणबत्तीही जळून संपते. तिचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. दुसरे असे, की समीकरणे संतुलित करताना ती मनाला येईल ते आकडे घालते, आणि ते आकडे कशासाठी असतात, हे मलाही नीटसे सांगता येत नाही.

फळा-खडू

तिचा प्रश्न उत्तम आहे आणि तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. कागद किंवा मेणबत्ती जळताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ हवेत निघून जातात आणि आपण फक्त राख तोलतो. उलट उदाहरण द्यावे: मॅग्नेशियमची फीत जळते तेव्हा उरणारी पांढरी राख मूळ फितीपेक्षा जड असते. २.४ ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण जळले, तर हवेतील १.६ ग्रॅम ऑक्सिजन त्याच्याशी संयोग पावून ४ ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड तयार होते. जळताना वस्तुमान नष्ट होते, हे खरे असते तर असे घडलेच नसते. ही फीत घरी मात्र जाळू नये; तिचा प्रखर प्रकाश डोळ्यांना घातक असतो, म्हणून तो प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतच पाहावा.

घरी करायचे तर एका लहान बाटलीत थोडे व्हिनेगर घ्यावे, फुग्यात चमचाभर खाण्याचा सोडा भरावा आणि फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवून, सोडा आत पडू न देता, सगळे एकत्र तोलावे. मग फुगा उचलून सोडा आत सांडावा. फुगा फुगेल, पण काट्यावरचा आकडा जवळजवळ तोच राहील. अचूक काट्यावर अगदी किंचित घट दिसेल, कारण फुगलेल्या फुग्याला बाजूची हवा वर उचलते. हेच फुगा न लावता केले तर आकडा स्पष्टपणे उतरेल. दोन्ही प्रकार करावेत आणि आकडे का वेगळे आले, ते तिच्याकडून लिहून घ्यावे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए याने अठराव्या शतकात बंद भांड्यांत ज्वलनाचे प्रयोग करून तराजूवर भर दिला, तो याचसाठी.

समीकरणातले आकडे म्हणजे हाच तराजू, अणूंच्या भाषेत. मिथेन जळताना त्याचा १ रेणू ऑक्सिजनच्या २ रेणूंशी अभिक्रिया करतो आणि कार्बन डायऑक्साइडचा १ रेणू व पाण्याचे २ रेणू तयार होतात. तिला कार्बनसाठी काळी, हायड्रोजनसाठी पांढरी आणि ऑक्सिजनसाठी लाल अशा बटणांनी हे रेणू मांडायला सांगावे. डाव्या बाजूची बटणे मोडून उजवी बाजू तयार करायची. एकही बटण उरता कामा नये आणि एकही नवे आणता कामा नये. रेणूच्या आतली संख्या बदलायची नाही, कारण मग तो पदार्थच बदलतो. फक्त रेणूंची संख्या बदलायची. ऑक्सिजनचा एकच रेणू घेऊन ती पाहील तेव्हा बटणे अपुरी पडतील आणि दुसरा रेणू ती स्वतःच मागेल. नंतर वस्तुमानही जुळवून घ्यावे: १६ ग्रॅम मिथेन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन मिळून ८० ग्रॅम, तर उजवीकडे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ३६ ग्रॅम पाणी, पुन्हा ८० ग्रॅम.

बटणांनी पाच-सहा समीकरणे झाली की प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण तिच्यासमोर ठेवावे. त्यातले तीन सहा आणि एक एक कोठून आले, हे ती आता मोजून सांगू शकेल. आणि तेच समीकरण उलट्या दिशेने वाचले तर काय होते, हे विचारायला विसरू नये, म्हणजे तुमच्या वहीतल्या श्वसनाशी ती पुन्हा येऊन पोहोचेल.